जाहिरात निघाली की गुडघा धरतो

सुरतेहून बारडोलीकडे निघालं की मुंबई-अहमदाबाद महामार्ग जिथे आडवा येतो, ते कडोदरा. डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, लूमची खाती, चार रस्त्यावर रिक्षांची दाटी, आणि जरा बाहेर पडलं की चलथाणच्या साखर कारखान्याच्या वाटेवरचा ऊस. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनने आलेली खानदेशी कुटुंबं या पट्ट्यात आणि पलीकडे उधना, लिंबायत, डिंडोलीत पिढ्यांपासून राहतात. बाप मिलमध्ये आणि पोरगा किंवा पोरगी पोलीस भरतीच्या तयारीत, हे इथल्या बऱ्याच घरांचं चित्र. जाहिरात निघाली की पहाटे सर्व्हिस रोडवर पळणारे वाढतात आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत गुडघ्याला पट्टा बांधून पळणारेही वाढतात.

या दुखण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. विशीतल्या, कुठेही न पडलेल्या, पाय न मुरगळलेल्या माणसाचा गुडघा पळून दुखायला लागला, तर आत काही फाटलंय किंवा झिजलंय असं सहसा नसतं. सवय नसलेलं काम त्याच्यावर एकदम पडलेलं असतं. म्हणून औषधाच्या दुकानात जाण्याआधी गेल्या महिन्याभरात आपण किती, कसे आणि कुठे पळलो ते कागदावर मांडा. निम्मं निदान तिथेच होतं.

भरतीत मागतात ते नेमकं किती, हेही पाहू. गुजरात पोलिसात पुरुषांना ५,००० मीटर २५ मिनिटांत आणि महिलांना १,६०० मीटर साडेनऊ मिनिटांत पळावं लागतं. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांचं अंतर १,६०० मीटर. त्यात पूर्ण २० गुण हवे असतील तर वेळ ५ मिनिटं १० सेकंद. ४०० मीटरच्या मैदानावर मोजलं तर गुजरातची फेरी दोन मिनिटांची आणि महाराष्ट्राची साडेसत्याहत्तर सेकंदांची. पहिली परीक्षा दमाची, दुसरी वेगाची. तरी दोन्हीची तयारी करणारे सगळे एकाच पद्धतीने पळतात: रोज पहाटे, पूर्ण अंतर, घड्याळ लावून, जीव काढून. ही रोजची परीक्षा झाली. तयारी वेगळी असते. छाती दोन-तीन आठवड्यांत सरावते, दम वाढतो, आणि माणसाला वाटतं आता जमतंय. पण स्नायूंचे कंडरे आणि हाडं हळू चालणारी आहेत; त्यांना काही महिने लागतात. दम पुढे जातो, गुडघा मागे राहतो. दुखणं याच फटीत शिरतं.

डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी ५,२०० हून जास्त धावपटूंच्या पळण्याच्या नोंदी तपासल्या आणि २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात सगळ्यात कामाची गोष्ट अशी निघाली की आठवड्याचं एकूण अंतर किती वाढवलं यापेक्षा एखाद्याच दिवशी किती मोठी उडी मारली याचा दुखापतीशी जास्त संबंध दिसतो. गेल्या ३० दिवसांत जे सर्वांत लांब पळलात, त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त अंतर एका दिवसात पळलात की धोका वाढू लागतो. महिन्याभरात जास्तीत जास्त ३ किलोमीटर पळला असाल तर आजचा आकडा ३.३. मित्र पळतायत म्हणून त्यांच्याबरोबर ५ किलोमीटर मारले, तर ती उडी साठ टक्क्यांच्याही पुढची होते. उलट ३ किलोमीटरवरून आठवड्यातून एकदाच दहा-दहा टक्के वाढवत गेलात, तर सहा आठवड्यांत ५ किलोमीटर ओलांडता. जाहिरात आणि मैदानी चाचणी यांच्यामध्ये बहुधा एवढा वेळ असतो.

आता दुखतं कुठे ते पाहा. बोट ठेवून दाखवा. पूर्ण पंजा गुडघ्यावर फिरवून ‘इथे सगळीकडे’ म्हणत असाल, तर दुखणं बहुतेक वाटीच्या मागचं आहे. पळणाऱ्यांत हेच सर्वांत जास्त दिसतं. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं, उकिडवं बसलं की दुखतं, आणि नंदुरबारला जाताना गाडीत दोन-तीन तास गुडघे दुमडून बसलं की उठताना आखडल्यासारखं होतं. मांडीच्या पुढच्या स्नायूचा ओढा वाटीला मांडीच्या हाडावर दाबत असतो. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना त्यावर भार येतो, तितका हा दाब वाढतो. कटकट असा आवाज येणं आणि दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या आवाजाला घाबरू नका.

बोट गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या किंचित वर जात असेल, तर तो मांडीच्या बाहेरून उतरणाऱ्या जाड पट्ट्याचा त्रास. डॉक्टर त्याला आयटी बँड म्हणतात. याची खूण घड्याळासारखी नेमकी असते: सुरुवातीला काहीच नाही, मग दुसरा किंवा तिसरा किलोमीटर आला की ठरल्या जागी टोचायला लागतं, थांबून चाललं की कमी होतं, पुन्हा पळलं की परत. हे दुखणं वैद्यकीय पुस्तकांत आलं तेही भरतीतल्या पोरांमुळेच. अमेरिकी नौदलातले डॉक्टर जेम्स रेन यांनी १९७५ मध्ये मरीन दलाच्या प्रशिक्षणार्थींमध्ये ते पाहून नोंदवलं. सवय नसलेली माणसं, अचानक लांब पल्ल्याची दौड, पुढे नाव न लागण्याची भीती. कडोदऱ्यापेक्षा चित्र फार वेगळं नव्हतं. तेव्हा समज असा होता की पट्टा हाडावर घासतो. आता बरेच जाणकार मानतात की पट्ट्याखालची संवेदनशील चरबी दाबली जाते. म्हणूनच दुखऱ्या जागेवर लाटण्यासारखा रोलर जोरात फिरवून उपयोग नाही, तिथला दाब आणखी वाढतो.

या प्रकारात रस्ता स्वतः गुन्हेगार असू शकतो. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. रोज एकाच कडेने पळलं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. रस्त्याची बाजू बदलून पळा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण महामार्गाजवळ ते करू नका, पहाटेच्या अंधारात ट्रकवाल्याला तुमचा आयटी बँड दिसत नाही. ऊस हंगामात तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचीही भर असते. शाळेचं मैदान, सोसायटीतला सपाट रस्ता, कालव्याकाठचा मातीचा भाग यांपैकी जे जवळ असेल ते घ्या. मैदानात फेऱ्या मारत असाल तर निम्म्या उलट दिशेने मारा. हे फुकटचं आहे आणि कोणी करत नाही.

तिसरी जागा वाटीच्या लगेच खाली, बोटाच्या टोकाएवढी. तिथला कंडरा दुखावलेला असतो. पळायला सुरुवात केली की दुखतं, अंग तापलं की कमी होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोब चुकता करतं. लांब उडी, १०० मीटरचे स्प्रिंट, पायऱ्यांवर उड्या मारणाऱ्यांत हे जास्त. १० ते १५ वर्षांच्या मुलाला वाटीच्या खाली हाडावर टेंगूळ येऊन दुखत असेल, तर ती वाढत्या हाडाची तक्रार असते. खेळ कमी केला की बहुतेकांत वयानुसार मिटते. मात्र या वयातलं मूल लंगडत असेल तर खुब्याचा सांधाही तपासून घ्या, कारण खुब्याचं दुखणं अनेकदा गुडघ्यात जाणवतं.

घरच्या घरी वाट पाहू नये अशा गोष्टीही आहेत. पाय मुरगळून काही तासांत गुडघा टम्म सुजला. चार पावलं टाकता येत नाहीत. गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो. लाल, गरम झालाय आणि ताप आहे. रात्री झोपेत दुखून जाग येते. यांपैकी काही असेल तर सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जा. हाडावर एकाच बिंदूला दुखणं आणि प्रत्येक वेळी पळताना ते वाढत जाणं, किंवा पळताना जांघेत दुखणं, हे ताणामुळे हाडाला पडलेल्या चिरेचं लक्षण असू शकतं, आणि त्यावर पळत राहिलं तर हाड मोडतं. तयारी करणाऱ्या मुलींनी एक गोष्ट लाज न बाळगता सांगावी: पाळी लांबली किंवा बंद झाली असेल तर खाणं कमी पडतंय, आणि अशा वेळी हाडं कमकुवत होतात. सुरतेत मजुरा गेटजवळचं नवी सिव्हिल आणि महापालिकेचं स्मिमेर, दोन्हीकडे हाडांचा विभाग आहे. आधी एमआरआय काढून मग जाण्याची गरज नाही. तपासणाऱ्याला हात लावू द्या, फोटोची गरज तो ठरवेल.

यांपैकी काही नसेल तर पळणं पूर्ण बंद करायचं का? घरातून तेच सांगतील, टोंगळे झिजतील म्हणतील. महिनाभर बंद केलं तर दुखणं थांबतं हे खरं, पण महिन्याभराने पुन्हा ५ किलोमीटर मारायला गेलात की ते दारात उभं असतं, कारण दरम्यान पाय आणखी कच्चे झालेले असतात. कॅनडात क्युबेकमधल्या संशोधकांनी वाटीमागे दुखणाऱ्या ६९ धावपटूंवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त पळण्याचा भार कसा सांभाळायचा ते शिकवलं, दुसऱ्याला त्याबरोबर व्यायाम दिले, तिसऱ्याला पळण्याची ढब बदलायला लावली. तिन्ही गट सुधारले, आणि साधारण सारखेच सुधारले. व्यायाम निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ मी घेत नाही. पण भार सांभाळणं हे मूळ औषध आहे आणि बाकीचं त्याच्या जोडीला, एवढं यातून दिसतं.

भार सांभाळायला एक मोजपट्टी लागते. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. पळताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते आदल्या दिवशीपेक्षा वाढलेलं नसेल, तर चालू ठेवा. चार-पाचवर गेलं तर पुढच्या वेळी अंतर कमी करा. त्याहून जास्त झालं, किंवा तुम्ही लंगडायला लागलात, तर तिथेच थांबा आणि चालत घरी या. दुसऱ्या दिवशीची सकाळ जास्त खरं बोलते. पळताना अंग तापलेलं असतं, ईर्ष्या असते.

जास्त दुखत असेल तर सुरुवात अशी करता येते. एक दिवसाआड, सपाट जागी, एक मिनिट हळू पळा आणि एक मिनिट चाला, अशा दहा फेऱ्या. वरच्या मोजपट्टीत बसलं तर दोन मिनिटं पळा, एक चाला. मग तीन, मग पाच. सलग वीस-पंचवीस मिनिटं हळू पळता येऊ लागलं की अंतर वाढवा, दहा टक्क्यांचा नियम पाळून. वेगाचा सराव शेवटी, आणि तोही आठवड्यातून एकदाच. हळू म्हणजे किती हळू? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे इतकं. बाहेरच्या बाजूने दुखणाऱ्यांसाठी यात एक गंमत आहे: त्यांच्यापैकी काहींना फार रेंगाळत पळण्यापेक्षा थोडं चपळ पण कमी अंतर पळणं सोसतं. करून पाहा.

ढब बदलण्याच्या नादी फार लागू नका, पण एक बदल स्वस्त आहे. पावलं जवळजवळ आणि जास्त टाका. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वेग तोच ठेवून मिनिटातली पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावर येणारा भार कमी होतो. मोजायला उपकरण लागत नाही. अर्धा मिनिट फक्त उजवं पाऊल मोजा आणि चारने गुणा. उजवं पाऊल ४० वेळा पडलं तर मिनिटाला १६० पावलं. पुढच्या वेळी ते ४२ वेळा पाडा. झाली पाच टक्के वाढ. पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही, गुडघा कमी वाकतो, एवढाच त्यामागचा मामला. पोटरी दोन आठवडे कुरकुर करेल.

व्यायामांत मला चार पुरेसे वाटतात. एका कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवत, टाच किंचित मागे नेऊन वर उचलणं. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं; जमलं की एका पायावर. खुर्चीवरून एका पायावर उठणं-बसणं, आरशासमोर, गुडघा आत न झुकू देता. आणि जिन्याच्या पायरीवर पंजा टेकवून टाचा वर-खाली करणं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, नाहीतर पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या घाला. फरक सहा ते बारा आठवड्यांत दिसतो, आणि नेमका तिथेच लोक कंटाळून सोडतात. वाटीखालच्या कंडऱ्याचं दुखणं असेल तर भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसून ४५ सेकंद थांबायचं, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. काहींचं दुखणं यानेच काही तास उतरतं. या काळात उकिडवं बसणं आणि मांडी घालून तासन्‌तास बसणं थोडं कमी करा. कायमचं सोडायची गरज नाही.

नी-कॅप, पट्टी, स्प्रे, बर्फ, मालिश यांनी बरं वाटतं. बरं वाटण्यापुरतंच ते वापरा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नको. बुटांबद्दल दुकानदार बरंच सांगेल. पायाला पहिल्या मिनिटापासून आरामदायक वाटणारा जोड घ्या, आणि नवा जोड किंवा स्पाइक एकदम रोजच्या सरावात आणू नका. अनवाणी पळणं गुडघ्याचा भार काढून पोटरी आणि टाचेच्या कंडऱ्यावर टाकतं. ज्यांना सवय आहे त्यांचं ठीक आहे; चाचणीच्या महिन्यात प्रयोग करू नये.

दुखणं दाबायची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळणं मात्र मला मुळीच मान्य नाही. मोजपट्टीच बंद पडते, आणि चीर असलेल्या हाडावर माणूस निश्चिंत पळतो. त्यात सुरतेच्या दमट हवेत घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला मार देऊ शकतात. मैदानावर कोणी ‘ताकदीचं’ इंजेक्शन देऊ केलं तर काय बोलायचं ते तुम्हाला माहीत आहे.

पुस्तकांत न सापडणारा भार मात्र इथे मोठा आहे: कामाची पाळी. लूमवर बारा तास उभं राहणं, मिलमध्ये ताके उचलणं, रात्रपाळी करून थेट मैदानावर जाणं. हेही गुडघ्याच्या खात्यात जमा होतं. रात्रपाळीहून आल्यावर वेगाचा सराव ठेवू नका. आधी झोपा, संध्याकाळी हळू पळा, किंवा त्या दिवशी फक्त व्यायाम करा. वेगाचा दिवस सुट्टीला किंवा पाळी बदलते त्या दिवशी ठेवा. खाण्याच्या बाबतीत महागड्या पावडरीपेक्षा पोटभर डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, भाकरी आधी पुरे पडू द्या.

घरच्यांच्या भीतीचं उत्तरही द्यायला हवं. पळून गुडघे झिजतात का? २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात खुबा किंवा गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावपटूंत ३.५ टक्के होतं, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के. पळण्याने संधिवात टळतोच असं यावरून म्हणता येत नाही. ज्यांचे गुडघे चांगले तेच पळत राहतात, असंही असू शकतं. पण रोज थोडं पळणाऱ्याचा गुडघा झिजून जातो ही भीती या आकड्यांत टिकत नाही. आधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा वजन बरंच जास्त असेल, तर सुरुवात चालण्यापासून करा आणि डॉक्टरला विचारा.

राहिला प्रश्न तारखेचा. चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे आणि गुडघा दुखतोय. या तीन आठवड्यांत दम फारसा वाढणार नाही, पण गुडघा बिघडू नक्की शकतो. म्हणून एक दिवसाआड पळा, निम्म्या अंतरावर आणा, आठवड्यातून एकदा शेवटचे चार-पाचशे मीटर चाचणीच्या वेगाने पळा. बाकीच्या दिवशी सायकल किंवा पोहणं, दुखत नसेल तर. शेवटचा जोरदार सराव चाचणीच्या पाच-सहा दिवस आधी संपवा. आणि जाहिरात नीट वाचा. २०२४ च्या गुजरात पोलीस भरतीत दौड फक्त पात्रतेपुरती होती, त्यात गुण नव्हते. २५ मिनिटांत आलेला आणि २० मिनिटांत आलेला दोघे सारखेच पास. तसा नियम असेल तर दुखऱ्या गुडघ्याने पुढच्या घोळक्यामागे लागू नका. पहिली फेरी मुद्दाम एक मिनिट ५५ सेकंदांत काढा, पुढच्या त्याच वेगाने मोजत जा, आणि साडेबाराव्या फेरीला पोहोचाल तेव्हा हातात मिनिटभर शिल्लक असेल. महाराष्ट्रात सेकंदाला गुण आहेत. तिथे दुखऱ्या गुडघ्याने उतरायचं की पुढच्या भरतीची वाट पाहायची, हे चाचणीच्या आठवडाभर आधी सरावात एकदा १,६०० मीटर घड्याळ लावून पळा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून ठरवा.